सही केलेली असूनही ‘अनोळखी प्रकाशक’: ही तक्रार पुन्हा पुन्हा का येते

सोमवारी सकाळी दुकानं उघडायच्या वेळेला कराडच्या एका औषध दुकानदाराचा फोन आला. "दादा, नवीन कॉम्प्युटर घेतलाय, त्यावर तुमचं सॉफ्टवेअर टाकतोय. पिवळी पट्टी येतेय आणि प्रकाशक अनोळखी म्हणतंय. टाकू का नको?" अर्ध्या तासात इस्लामपूरहून तोच प्रश्न. दुपारपर्यंत आमच्या साताऱ्याच्या डीलरने स्पष्टच विचारलं, "सर्टिफिकेटचे पैसे भरायचे राहिलेत का?"

पैसे भरलेले होते. नवं सर्टिफिकेट हातात होतं. जुन्याची मुदत आदल्या शनिवारी संपली होती, पण त्याने काही बिघडायला नको होतं, कारण आमचा प्रत्येक सेटअप (इन्स्टॉल करायची फाइल) डिजिटल सही करूनच बाहेर जातो. ही सही म्हणजे फाइल आमचीच आहे आणि वाटेत बदललेली नाही याची खूण, आणि सर्टिफिकेट म्हणजे ती सही कुणाची हे सांगणारा दाखला. गंमत म्हणजे ज्यांच्याकडे ४.२ आवृत्तीचा सेटअप होता त्यांना काहीच अडचण नव्हती. ४.३ वाल्यांना पिवळी पट्टी. आणि ४.४ वाल्यांना पुन्हा काही नाही. तिन्हींवर सही करणारं सर्टिफिकेट तेच, मशीन तेच, स्क्रिप्ट तीच.

ही तक्रार आमच्याकडे वेगवेगळ्या रूपांत चारपाच वेळा आली आहे, आणि प्रत्येक वेळी कारण निराळं निघालं. विंडोजसाठी छोटं सॉफ्टवेअर बनवून स्वतः वाटणाऱ्या प्रत्येकाला ती कधी ना कधी भेटतेच, म्हणून शोध कसा घ्यायचा ते सविस्तर लिहितो.

आधी पडदा कोणता ते विचारा

ग्राहक "वॉर्निंग येते" एवढंच सांगतो. तेवढ्यावर कामाला लागलात तर दिवस वाया जातो. व्हॉट्सॲपवर फोटो मागवा.

मोठा निळा पडदा, ‘विंडोजने तुमच्या पीसीचं रक्षण केलं’ अशा अर्थाचा, आणि खाली ‘न चालवणं’ एवढंच बटण दिसत असेल तर तो स्मार्टस्क्रीन, म्हणजे विंडोजचा अनोळखी फाइली अडवणारा पहारेकरी. त्यावर ‘अधिक माहिती’ दाबायला सांगा. तिथे तुमच्या कंपनीचं नाव दिसलं तर सही शाबूत आहे. प्रश्न फक्त ओळखीचा आहे. त्या फाइलचा किंवा त्या सर्टिफिकेटचा मायक्रोसॉफ्टकडे पुरेसा लौकिक जमलेला नाही. नावाच्या जागी ‘अनोळखी प्रकाशक’ असेल तर मात्र सहीतच गडबड आहे.

पडदा काळवंडून मधोमध चौकट येत असेल तर ती प्रशासकाची परवानगी मागणारी चौकट, म्हणजे यूएसी. तिच्या माथ्यावरची पट्टी निळी असेल तर ठीक. पिवळी असेल तर विंडोजला सही सापडली नाही किंवा सापडलेली सही मान्य नाही. आमच्या दुकानदारांना दिसत होती ती ही.

लौकिकाच्या प्रश्नावर झटपट उपाय नाही, हे आधीच सांगून टाकतो. पूर्वी महागडं ईव्ही सर्टिफिकेट (कंपनीची जास्त कडक तपासणी करून मिळणारं) घेतलं की स्मार्टस्क्रीन पहिल्या दिवसापासून गप्प बसायचं. आता तसं राहिलेलं नाही. केवळ निळा पडदा घालवायला म्हणून जास्त पैसे मोजू नका. एकच नाव, एकच सर्टिफिकेट सातत्याने वापरा, आवृत्त्या उगाच रोज बदलू नका, आणि पहिल्या काही आठवड्यांत ग्राहकांना आधीच कळवून ठेवा. इथून पुढे सगळं खऱ्या बिघडलेल्या सहीबद्दल.

तारखेचा शिक्का

दोन्ही सेटअप शेजारी शेजारी ठेवले. फाइलवर उजवं क्लिक, गुणधर्म, मग ‘डिजिटल सह्या’ हा टॅब. तिथल्या यादीत तीन रकाने असतात: सही करणाऱ्याचं नाव, हॅशची (फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या छोट्या सांकेतिक ठशाची) पद्धत आणि टाइमस्टॅम्प, म्हणजे सही कधी झाली त्याचा शिक्का. ४.२ च्या फाइलवर तिसऱ्या रकान्यात तारीख आणि वेळ होती. ४.३ च्या फाइलवर त्याच जागी ‘उपलब्ध नाही’. सगळी गोम त्या दोन शब्दांत होती.

नोटरीचं उदाहरण घ्या. नोटरीची मुदत संपली म्हणून मुदत चालू असताना त्याने केलेले दस्त रद्द होत नाहीत. पण दस्तावर तारीखच नसेल तर तो मुदतीत केला की नंतर, हे कोण सांगणार? विंडोज नेमका हाच विचार करतं. सहीसोबत तिसऱ्या, विश्वासू सर्व्हरने दिलेला वेळेचा शिक्का असेल तर सर्टिफिकेट त्या क्षणी वैध होतं का एवढंच पाहिलं जातं आणि सही पुढेही चालते. शिक्का नसेल तर आजची तारीख धरली जाते, आणि सर्टिफिकेट संपलं की त्याच क्षणी ती सही निकामी. तोपर्यंत ती अगदी धडधाकट दिसते, म्हणूनच ही चूक महिनोन् महिने लपून राहते.

४.३ ला शिक्का का लागला नाही? बिल्डचा, म्हणजे कोडपासून सेटअप तयार होण्याच्या प्रक्रियेचा, लॉग काढला. त्या संध्याकाळी टाइमस्टॅम्पच्या सर्व्हरने उत्तर दिलं नव्हतं. आणि आमच्या स्क्रिप्टमध्ये कुणीतरी सोय करून ठेवली होती: शिक्का मिळाला नाही तर बिल्ड अडवू नका, शिक्क्याविना सही करा. हेतू चांगला होता, रिलीज थांबू नये एवढाच. पण त्या एका ओळीने दीड वर्षांनी दोन दिवस फोन वाजत ठेवले.

तुमच्या स्क्रिप्टमध्ये अशी पळवाट असेल तर आजच काढा. तिच्याऐवजी थोडं थांबून तीनदा प्रयत्न करा, तरी जमलं नाही तर दुसऱ्या संस्थेच्या सर्व्हरकडे जा. ज्याच्याकडून सर्टिफिकेट घेतलं त्याचाच शिक्का हवा असा नियम नाही. तरीही नाही मिळाला तर बिल्ड नापास. एक संध्याकाळ उशीर परवडतो.

साइनटूल, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं सही करायचं साधन, त्याबद्दल दोन बारीक गोष्टी. पहिली: आधुनिक, आरएफसी ३१६१ ह्या मानकाप्रमाणे चालणाऱ्या सर्व्हरसाठी टीआर हा पर्याय असतो, जुन्या पद्धतीच्या सर्व्हरसाठी नुसता टी. पत्ता एकाचा आणि पर्याय दुसऱ्याचा दिला की ‘सर्व्हरपर्यंत पोचता आलं नाही किंवा उत्तर चुकीचं आलं’ असा संदेश येतो आणि माणूस उगाच फायरवॉल तपासत बसतो. शिक्क्याचा हॅश ठरवणारा टीडी हा पर्याय टीआरच्या नंतरच लिहायचा. आधी लिहिला तर शिक्का जुन्या शा-१ हॅशने लागू शकतो. दुसरी: टाइमस्टॅम्पचे पत्ते बहुधा साध्या एचटीटीपीचे असतात. ते पाहून "असुरक्षित आहे" म्हणत एस जोडू नका. उत्तरावर सर्व्हरची स्वतःची सही असते, त्यामुळे वाटेत कुणी ते बदललं तर लगेच कळतं. उलट ऑफिसच्या फायरवॉलमधून बिल्ड मशीनला साध्या एचटीटीपीने बाहेर जाता येतं का, ते बघा.

हे सगळं आता जास्त निकडीचं झालं आहे. पूर्वी कोड सायनिंगचं, म्हणजे सॉफ्टवेअरवर सही करायचं, सर्टिफिकेट ३९ महिन्यांपर्यंत मिळायचं. १ मार्च २०२६ पासून सीए/ब्राउझर फोरम ह्या, सर्टिफिकेट देणाऱ्या आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेच्या नियमाने कमाल मुदत ४६० दिवसांवर आली. म्हणजे मुदत संपण्याचा दिवस साधारण सव्वा वर्षाने उगवणार, आणि शिक्का नसलेली प्रत्येक फाइल त्या दिवशी पिवळी होणार.

तपासणी कशी करावी

साइनटूलने पडताळणी करताना पीए हा पर्याय विसरू नका. तो नसेल तर साइनटूल ड्रायव्हरच्या नियमांनी तपासतं आणि चांगल्या सहीलाही ‘मूळ सर्टिफिकेटवर विश्वास नाही’ म्हणून नापास करतं. ह्या संदेशापायी सर्टिफिकेट विकणाऱ्याशी भांडणारे लोक मी पाहिले आहेत.

मला स्वतःला पॉवरशेलची (विंडोजमधल्या आज्ञा टाइप करायच्या साधनाची) गेट-ऑथेंटिकोडसिग्नेचर ही आज्ञा जास्त आवडते, कारण तिचं उत्तर स्क्रिप्टला सहज वाचता येतं. तिच्याकडून दोन गोष्टी घ्यायच्या: स्थिती ‘व्हॅलिड’ आहे का, आणि टाइमस्टॅम्परचं सर्टिफिकेट रिकामं तर नाही ना. फक्त स्थिती पाहिली तर आमच्यासारखं फसाल. ४.३ चा सेटअप रिलीजच्या दिवशी ‘व्हॅलिड’च होता.

आणखी एक खात्रीची चाचणी. कोऱ्या विंडोजचं एक व्हर्च्युअल मशीन ठेवा, त्यातलं वेळेचं आपोआप जुळणं बंद करा आणि तारीख दोन वर्षं पुढे न्या. मग सेटअप चालवून बघा. शिक्का नीट असेल तर पट्टी निळीच राहते. नसेल तर दोन वर्षांनी येणारा फोन तुम्हाला आजच येतो.

हे मशीन वेगळंच हवं, विकसकाचा लॅपटॉप चालणार नाही. ब्राउझरने उतरवलेल्या फाइलला विंडोज एक अदृश्य चिठ्ठी चिकटवतं, ही फाइल इंटरनेटवरून आली अशी. स्मार्टस्क्रीन ती चिठ्ठी पाहूनच जागं होतं. तुम्ही स्वतः बिल्ड केलेल्या फाइलवर ती नसते, म्हणून "माझ्याकडे तर काहीच येत नाही". शिवाय ही चिठ्ठी एनटीएफएसवरच, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या डिस्क-पद्धतीवरच, टिकते. डीलरने सेटअप पेनड्राइव्हवर नेला आणि पेनड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅटचा असला की चिठ्ठी गळून पडते. एकाच गावात एका दुकानात निळा पडदा येतो आणि शेजारच्यात येत नाही, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. चाचणीसाठी फाइल नेहमी स्वतःच्या वेबसाइटवरून, ब्राउझरनेच उतरवा.

सहीनंतर फाइलला हात लावला

स्थिती ‘हॅशमिसमॅच’ आली तर मुदतीचा विचार सोडा. सही झाल्यावर फाइल बदलली आहे. सही करताना जवळजवळ पूर्ण फाइलचा हॅश घेतात. चेकसम, सहीची स्वतःची जागा आणि त्या जागेची नोंद एवढंच वगळतात. एक बाइट बदलला तरी सही मोडते.

बदल कोण करतं? बहुतेक वेळा आपलीच एखादी विसरलेली पायरी. आमच्याकडे प्रत्येक डीलरसाठी सेटअपच्या आवृत्तीमाहितीत त्याचं नाव घालणारी एक छोटी पायरी होती. बिल्डचा क्रम बदलताना ती सहीच्या नंतर गेली. मुख्य सेटअप उत्तम, डीलरांचे सगळे मोडलेले. आयकॉन बदलणं, फाइल आकुंचित करणं, हे सगळं सहीच्या आधी. सही ही फाइलवरची शेवटची क्रिया.

डीलरचा कोड सेटअपबरोबर पाठवायचाच असेल तर फाइलच्या नावात घाला आणि इन्स्टॉलरला स्वतःचं नाव वाचायला लावा. नाव हॅशमध्ये येत नाही. आम्ही आता तसंच करतो, आणि एकच सही केलेली फाइल सगळ्या डीलरांना पुरते.

आतल्या फाइली

सेटअपवर सही आहे, पण पुढे सॉफ्टवेअर उघडताना किंवा काढून टाकताना पिवळी पट्टी येते, हीही वारंवार ऐकू येणारी तक्रार. सेटअपची सही म्हणजे पार्सलच्या खोक्यावरचं सील, आतल्या वस्तूंवर ती लागत नाही. त्यामुळे क्रम असा: आधी तुमच्या ईएक्सई (चालणाऱ्या) आणि डीएलएल (त्यांना लागणाऱ्या सहायक) फाइलींवर सही, मग त्या सेटअपमध्ये भरायच्या, मग सेटअपवर सही.

अनइन्स्टॉलर हमखास निसटतो, कारण तो इन्स्टॉलर बनवणारं साधन स्वतः तयार करतं आणि तुमच्या फोल्डरमध्ये तो कधी दिसतच नाही. इनो सेटअप ह्या इन्स्टॉलर बनवणाऱ्या साधनात सेटअप विभागात साइनटूलची ओळ दिली की तो अनइन्स्टॉलरवरही सही करतो. सेटअप तयार झाल्यावर बाहेरून सही केली तर अनइन्स्टॉलर कोराच राहतो. फाइलींच्या विभागात साइनवन्स हा झेंडा लावला की ज्यांवर आधीच सही आहे त्यांना तो सोडून देतो. ते महत्त्वाचं आहे, कारण दुसऱ्यांनी दिलेल्या डीएलएलवर त्यांची सही असते आणि ती पुसून आपली लावणं बरोबर नाही. एनएसआयएस हे दुसरं साधन वापरत असाल तर अनइन्स्टॉलरसाठी अनइन्स्टफायनलाइझ ही वेगळी सूचना आहे.

विंडोज ११ मधलं स्मार्ट ॲप कंट्रोल, म्हणजे अनोळखी प्रोग्राम थेट अडवणारी सोय, चालू असेल तर सही नसलेल्या डीएलएलपायी अख्खं सॉफ्टवेअर अडू शकतं, आणि तिथे ‘तरीही चालवा’ असं बटणच नसतं.

टोकन दिसत नाही

१ जून २०२३ पासून कोड सायनिंगची खासगी चावी (जिने सही होते ती गुप्त किल्ली) हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते: यूएसबी टोकन, एचएसएम (चाव्या जपणारं खास यंत्र) किंवा सर्टिफिकेट देणाऱ्याची क्लाउड सेवा. चावी असलेली पीएफएक्स फाइल बिल्ड मशीनवर टाकून मोकळं होण्याचे दिवस गेले. तेव्हापासून एक नवी तक्रार रूढ झाली: कालपर्यंत सही होत होती, आज साइनटूल म्हणतं, निकषांत बसणारं एकही सर्टिफिकेट सापडलं नाही.

पहिला प्रश्न: तुम्ही रिमोट डेस्कटॉपने आलात का? टोकन ऑफिसच्या मशीनला लावलेलं आणि तुम्ही घरून जोडलेले असाल तर त्या सत्रात विंडोज तुमच्या घरच्या लॅपटॉपची स्मार्टकार्डं शोधतं, ऑफिसच्या मशीनची नाही. टोकन जागेवर आहे, दिवा लुकलुकतोय, आणि तरी दिसत नाही. स्क्रीन जशीच्या तशी दाखवणारं दूरनियंत्रणाचं दुसरं साधन वापरा, किंवा क्लाउडमधली चावी घ्या. रात्रीचा बिल्ड विंडोज सेवा म्हणून चालत असेल तर पिन विचारणारी चौकट कुणालाच दिसत नाही आणि बिल्ड नुसता लटकतो. पिन अंदाजाने घालत बसू नका. ठरावीक चुकांनंतर टोकन कुलूपबंद होतं.

इथे आपल्याकडचा एक खास घोटाळा सांगायला हवा. जीएसटी आणि आयकर विवरणपत्रांसाठी घेतलेलं क्लास ३ डीएससी (डिजिटल सहीचं सर्टिफिकेट) अनेकांकडे असतं. टोकन दिसायलाही अगदी तसंच. "तेच वापरू की, पैसे कशाला घालवायचे" असं मला दोनतीन जणांनी विचारलं आहे. ते सर्टिफिकेट कागदपत्रांवर सही करण्यासाठी दिलेलं असतं, कोड सायनिंगचा उद्देश त्यात नोंदलेला नसतो. साइनटूल ते निवडणार नाही. कोड सायनिंगसाठी वेगळं सर्टिफिकेट घ्यावंच लागतं.

सगळं बरोबर, तरी एकाच दुकानात पिवळं

मग दोष बहुधा त्या मशीनचा. आपल्याकडे काउंटरवरची मशीनं मुद्दाम इंटरनेटपासून तोडलेली असतात. विंडोज सगळी मूळ सर्टिफिकेटं जवळ बाळगत नाही, गरज पडेल तशी उतरवून घेतं. जोडणीच नसेल तर तुमच्या सर्टिफिकेटपासून मूळ सर्टिफिकेटपर्यंतची साखळी पूर्ण होत नाही. पाच मिनिटं फोनचा हॉटस्पॉट द्या आणि सेटअप पुन्हा चालवा. विंडोज ७ अजून भेटतं. त्याचं समर्थन १४ जानेवारी २०२० ला संपलं, पण शा-२ (नव्या हॅश-पद्धतीच्या) सह्यांसाठीचं अपडेट त्याआधी आलं होतं. ते टाकलेलं नसेल तर नव्या सह्या त्याला समजत नाहीत.

मॅकवाल्यांसाठी थोडक्यात. तिथे ‘ॲप खराब झालं आहे, कचऱ्यात टाका’ असा संदेश आला की ग्राहक घाबरतो, पण बऱ्याचदा दोष झिपचा असतो. ॲपमधल्या फ्रेमवर्कमध्ये सांकेतिक दुवे (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) असतात. साध्या झिपने त्यांच्या जागी खऱ्या प्रती जातात आणि सही मोडते. डिट्टो ही मॅकची आज्ञा वापरून झिप करा. सही आतून बाहेर करत या, कोडसाइन ह्या सही करायच्या आज्ञेचा डीप पर्याय सही करायला वापरू नका. नोटरायझेशन (ॲपलकडून होणारी तपासणी) झाल्यावर त्याचं तिकीट ॲपला स्टेपल करा, म्हणजे जोडा, नाहीतर इंटरनेट नसलेल्या मॅकवर ते पडताळता येत नाही. झिपला तिकीट लागत नाही, ॲपला लावून मग पुन्हा झिप करायची. डीएमजी आणि पीकेजी ह्या वाटपाच्या फाइलींना मात्र थेट लागतं.

बाहेर गेलेल्या फाइलींचं काय

शिक्का नसलेले सेटअप आधीच वाटले असतील आणि सर्टिफिकेट अजून चालू असेल तर आज वेळ आहे. साइनटूलच्या टाइमस्टॅम्प आज्ञेने आधीच्या सहीवर नंतरही शिक्का लावता येतो, पुन्हा सही करावी लागत नाही. वेबसाइटवरच्या सगळ्या जुन्या आवृत्त्यांवर ती चालवा आणि डीलरांना नव्या प्रती पाठवा. सर्टिफिकेट संपून गेलं असेल तर आता शिक्का मारून उपयोग नाही, तो मुदतीनंतरचाच लागेल. नव्या सर्टिफिकेटने पुन्हा सही करावी लागते. आम्ही ४.३ तशी पुन्हा काढली आणि ज्यांच्याकडे जुनी प्रत होती त्या प्रत्येक दुकानदाराला आपणहून फोन केले. कराडच्या त्या गृहस्थांनी पट्टीचा नवा फोटो पाठवला, निळी, आमच्या नावासकट.